वन्यजीव वाचवण्यासाठी मारायचं, तर कुठवर?

इक्वेडोर देशाच्या गॅलापॅगोस बेटांपैकी इसाबेला हे सर्वांत मोठं बेट. त्याच्या उत्तर भागात १९९० च्या दशकात सुमारे एक लाख शेळ्या झाल्या होत्या. आधी त्या बेटाच्या दक्षिणेलाच होत्या. मधल्या लाव्हाच्या खडकाळ पट्ट्यामुळे उत्तरेकडे जाता येत नव्हतं. काही थोड्या शेळ्यांनी तो पट्टा ओलांडला आणि अल्सेडो ज्वालामुखीच्या उतारांवर त्यांची खिल्लारं वाढत गेली. महाकाय कासवांची मोठी वस्ती याच अल्सेडोवर आहे. कोरड्या महिन्यांत तिथे पाऊस नसतो, नुसतं दाट धुकं येतं. ते झाडांच्या पानांवर आणि शेवाळावर अडतं, थेंब थेंब खाली गळतं, खाली डबकी साचतात आणि त्या डबक्यांवर कासवं उन्हाळा काढतात. शेळ्यांनी झुडपं संपवली, मग झाडांच्या साली सोलल्या. झाडं वाळली, डबकी आटली, कासवांना पाणीही राहिलं नाही आणि सावलीही.

१९९७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने आणि चार्ल्स डार्विन फाउंडेशनने ‘प्रोजेक्ट इसाबेला’ हाती घेतला. २००६ पर्यंत सांतियागो बेटावर आणि उत्तर इसाबेलावर मिळून सुमारे दीड लाख शेळ्या मारल्या गेल्या. बऱ्याचशा हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून. मढी जागेवरच कुजू दिली, कारण मातीतून घेतलेलं मातीला परत जायला हवं होतं. शेवटच्या काही शेळ्या कपारींत लपून हाती लागेनात, तेव्हा गळ्यात रेडिओ कॉलर बांधलेल्या शेळ्या सोडल्या. शेळी कळपाशिवाय राहत नाही. ती आपल्या भाईबंदांना शोधत जाते. तिच्या मागावर नेमबाज जायचे, तिच्याभोवतीच्या सगळ्यांना टिपायचे आणि तिला तेवढी जिवंत ठेवायचे, म्हणजे ती पुन्हा नवा कळप शोधेल. काही माद्यांची नसबंदी करून त्यांना संप्रेरकं दिली होती, जेणेकरून बोकड आपणहून त्यांच्याकडे यावेत.

आपल्याकडे शेळीला गरिबाची गाय म्हणतात. दुष्काळात ती घर चालवते, पोराच्या फीचे पैसे ती उभे करते. त्यामुळे हे वाचताना मराठी माणसाच्या पोटात कालवाकालव झाली, तर ती योग्यच आहे. तरीही माझं मत असं की ती मोहीम बरोबर होती. मात्र ज्या कारणामुळे ती बरोबर ठरते, त्याच कारणामुळे संवर्धनाच्या नावाखाली चाललेली दुसरी बरीच हिंसा चूक ठरते, आपल्या महाराष्ट्रातलीसुद्धा.

सुरुवात विरोधी बाजूपासून करतो, कारण ती गंभीर आहे आणि वन्यजीवप्रेमी मंडळी तिला बहुधा वळसा घालून पुढे जातात. प्राण्यांच्या हक्कांची बाजू मांडणारे म्हणतात : वेदना होते ती एकेका जिवाला. प्रजातीला वेदना होत नाही. ‘कासवाची जात वाचवण्यासाठी’ या शब्दांनी गोळी लागलेल्या शेळीची भीती तसूभरही कमी होत नाही. शेळ्या दुर्मिळ नाहीत म्हणून त्यांचा जीव स्वस्त कसा? आणि त्या बेटावर आपणहून आल्या नव्हत्या. जहाजांवरच्या माणसांनी पुढच्या फेरीला ताजं मांस मिळावं म्हणून त्या सोडल्या. केलं माणसाने, भोगायचं शेळीने.

यातला शब्दन्‌शब्द मला मान्य आहे. शेळीचा काहीही अपराध नव्हता आणि तिला मारणं हे नुकसानच होतं. ‘व्यवस्थापन’, ‘नियंत्रण’ असले शब्द वापरून ते झाकू नये. पण या युक्तिवादात एक गृहीत आहे : हात आवरला की हिंसा थांबते. बेटावर तसं होत नव्हतं. गॅलापॅगोसच्याच पिंटा बेटावर मच्छीमारांनी १९५९ मध्ये अवघ्या तीन शेळ्या सोडल्या. १९७० च्या दशकात त्यांची संख्या चाळीस हजारांच्या घरात गेली. इतके कळप आधी बेट बोडकं करतात आणि मग स्वतः उपाशी मरतात. कासवंही एकेक जीवच असतात, तीही तहानेने एकेकटीच मरतात. म्हणजे गोळी न झाडण्याच्या निर्णयानेही जीव जातच होते, फक्त त्यांची मोजदाद कुणी ठेवत नव्हतं.

दुसरं कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. ती हत्या संपली. उत्तर इसाबेलावर शेळ्या उरल्या नाहीत, म्हणून तिथे आता शेळ्या मारल्या जात नाहीत. पुढच्या शंभर वर्षांत जी करडं जन्मून उपासमारीने किंवा गोळीने मेली असती, ती जन्मलीच नाहीत. एस्पान्योला बेटावर हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. तिथल्या शेळ्या १९७८ मध्ये संपवल्या. कासवं उरली होती चौदा; ती आधीच उचलून प्रजनन केंद्रात नेली होती आणि सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातला एक नर त्यांत भर म्हणून आणला. एवढ्यांच्या पिल्लावळीतून सुमारे दोन हजार कासवं बेटावर परतली आणि २०२० मध्ये त्या जातीच्या प्रजननाचं कामही थांबवलं, कारण गरज उरली नाही. पिंटाला मात्र उशीर झाला. तिथल्या शेळ्या हटल्या तोवर त्या जातीचा एकच नर उरला होता, जगभर ‘लोन्सम जॉर्ज’ म्हणून ओळखला गेलेला. २४ जून २०१२ रोजी तो गेला.

म्हणून संवर्धनासाठी कुणी जीव घ्यायला निघालं की माझा पहिला प्रश्न ‘किती मारणार?’ हा नसतो. ‘हे कधी संपणार, आणि कशामुळे संपणार?’ हा असतो. याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याला मारण्याचा अधिकार नाही, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाकडे असं उत्तर नव्हतं. १९६७ ते १९९४ या काळात तिथे चौदा हजारांहून अधिक हत्ती मारले गेले. उद्यानाला सात हजारांच्या आसपास हत्ती झेपतील असा अंदाज होता, म्हणून दरवर्षी गणना व्हायची आणि वरचे मारले जायचे. बरीच वर्षं त्यासाठी हेलिकॉप्टरमधून जे औषध टोचलं जायचं, त्याने हत्तीची शुद्ध हरपत नाही, फक्त स्नायू लुळे पडतात. आपण मरतो आहोत हे त्या प्राण्याला कळत असतं. पुढे हे क्रूर आहे असं मान्य करून ते बंद झालं. पण औषध बदललं तरी मोहिमेला शेवट नव्हता. हत्ती कमी झाले की उरलेल्यांना चारापाणी मुबलक, की पिल्लं जास्त, की पुढल्या वर्षी पुन्हा गोळ्या. आणि मुळात संख्या फुगायला हातभार लावला होता उद्यानानेच. कोरड्या भागांत ठिकठिकाणी बोअर मारून पाणवठे केले होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांतले निम्म्याहून अधिक पाणवठे बंद केले गेले. त्याने सगळं सुरळीत झालं असं नाही. हत्ती वाढले आहेत आणि मोठ्या झाडांच्या नुकसानीवरून वाद आजही चालू आहे. पण पाणी बंद करण्याचा उपाय हाताशी असताना सत्तावीस वर्षं बंदूक चालवली गेली, हे मला अक्षम्य वाटतं.

या मोहिमांतून वाचवलेल्या पिल्लांची हकिगत तर प्रत्येक वनाधिकाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. आईला आणि मावश्यांना डोळ्यांदेखत मारलेलं पाहिलेली काही पिल्लं पिलानेसबर्ग उद्यानात नेऊन सोडली. तिथे मोठा हत्ती एकही नव्हता. ही पोरं वयात आली आणि गेंड्यांवर तुटून पडू लागली. १९९० च्या दशकात त्यांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. १९९८ मध्ये क्रूगरहून काही थोराड नर आणले, त्यांच्या धाकात ही तरणी पोरं आली आणि गेंडे मरायचे थांबले. हत्तीच्या कळपात शिकवण असते, आठवण असते, वडीलधाऱ्यांचा दरारा असतो. गणनेच्या तक्त्यात हे मावत नाही. ‘अमुक इतके कमी केले’ असं लिहिताना मागे उरलेल्यांचं काय मोडलं, हेही त्या हिंसेच्या हिशेबात धरावं लागतं.

अमेरिकेत याच धर्तीचं एक काम आता सुरू होतं आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या जुन्या जंगलांतलं ठिपकेदार घुबड झपाट्याने घटत आहे. पूर्वेकडून सरकत आलेलं पट्टेरी घुबड त्याच्यापेक्षा थोराड आणि आक्रमक आहे, त्याची जागा बळकावतं आहे. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या वन्यजीव खात्याने वॉशिंग्टन, ऑरेगन आणि कॅलिफोर्नियात तीस वर्षांत साडेचार लाखांपर्यंत पट्टेरी घुबडं मारायला मंजुरी दिली. खात्याची अडचण मला कळते. ठिपकेदार घुबड डोळ्यांसमोर संपू देणं सोपं नाही. पण इथे बेट नाही. पूर्वेकडून घुबडं येतच राहणार, आणि तीस वर्षांनी बंदूक खाली ठेवली की वर्षा-दोन वर्षांत जागा पुन्हा भरणार. शिवाय ठिपकेदार घुबड १९९० मध्येच संकटग्रस्त यादीत गेलं ते मुख्यतः जुन्या जंगलांच्या तोडीमुळे. माझ्या कसोटीवर हा बेत उतरत नाही.

आता घराकडे वळू. आपण जीव घेत नाही, असं आपल्याला वाटतं आणि त्याचा अभिमानही असतो. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ चं कलम ११ याच वृत्तीतून आलं आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवावर उठला तरी त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही अशी खात्री झाल्याशिवाय मुख्य वन्यजीव रक्षकाला मारण्याचा आदेश देता येत नाही. तरतूद चांगली आहे. यवतमाळच्या पांढरकवडा भागात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ‘टी-१’ वाघीण, म्हणजे अवनी, गोळीने मेली. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने कार्यपद्धतीतल्या चुकांवर बोट ठेवलं ते अशा तरतुदींच्या बळावरच. पण ‘न मारणं’ एवढ्यावर आपलं समाधान होतं, आणि मग त्या प्राण्याचं पुढे काय होतं हे कुणी विचारत नाही.

जुन्नरचं उदाहरण पाहा. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला. उसात बिबट्याला आडोसा मिळतो, गावात कुत्री आणि शेळ्या मिळतात. उसातच जन्मलेल्या बिबट्यांच्या कित्येक पिढ्या झाल्या. २००१ पासून पिंजरे लावून बिबटे पकडले आणि आसपासच्या डोंगराळ जंगलांत नेऊन सोडले. जीव घेतला नाही, सगळ्यांना बरं वाटलं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून निघालं ते असं : स्थलांतराआधी जुन्नर भागात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ते नंतर १७ वर गेले. घरच्या टापूतून उपटून अनोळखी ठिकाणी टाकलेला, पकडापकडीत घाबरलेला, जखमी झालेला प्राणी माणसाला अधिक धोकादायक ठरला. त्या दयेची किंमत लहान मुलांनी मोजली.

मग दुसरा मार्ग उरला, कायमचा पिंजरा. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात डझनावारी बिबटे आहेत. त्यांची निगा राखणाऱ्यांच्या सेवाभावाबद्दल मला शंका नाही. उसात सापडलेल्या बछड्यांची आयांशी पुन्हा गाठ घालून देण्याचं त्या मंडळींचं काम तर मोलाचं आहे. पण पाय गमावलेल्या, आंधळ्या झालेल्या प्राण्याला आसरा देणं वेगळं आणि धडधाकट रानटी बिबट्याला उरलेली पंधरा वर्षं सिमेंटच्या खोलीत ठेवणं वेगळं. रात्रीत कोसभर भटकणारा, एकट्याने राहणारा हा प्राणी. तो पिंजऱ्यात जिवंत राहतो म्हणून त्याचं नुकसान झालं नाही असं म्हणणं हे ‘नरो वा कुंजरो वा’ आहे. कायद्यातही म्हटलं आहे की पकडलेला प्राणी पुन्हा रानात सोडण्याजोगा नाही अशी खात्री होऊन तशी कारणं लेखी नोंदवल्याशिवाय त्याला बंदिवासात ठेवू नये. आणि यात सर्वांत मोठा अन्याय हा की हल्ल्यानंतर लावलेल्या पिंजऱ्यात जो सापडतो, तो हल्ला करणाराच असतो असं नाही. त्या टापूत चार बिबटे असतील तर ज्याला भूक लागली तो आत येतो. ओल्याबरोबर सुकंही जळतं, आणि खरा गुन्हेगार बाहेर राहतो.

माझं मत स्पष्ट सांगतो. कॅमेरा ट्रॅप, ठसे आणि लाळेच्या नमुन्यांवरून एखादा बिबट्या पुन्हा पुन्हा माणसावर जातो असं सिद्ध झालं, तर त्याला नेमकं हेरून झटकन मारणं हे जन्मठेपेपेक्षा कमी क्रूर आहे. आणि सिद्ध झालं नसेल तर पिंजरा लावूच नये. हे वाक्य शिरूर-जुन्नरच्या एखाद्या आईसमोर म्हणणं सोपं नाही, याची मला जाणीव आहे. जिचं लेकरू उसात ओढून नेलं, तिने ‘सगळेच मारा’ म्हटलं तर तिला नीतीचे धडे देण्याची माझी प्राज्ञा नाही. पण सगळे मारले तरी ऊस उभाच राहणार आणि त्या उसात शेजारच्या तालुक्यातून नवे तरुण बिबटे येणार, हे तिला कुणीतरी खरं खरं सांगायला हवं. तिच्या लेकरासाठी करण्यासारखं पुष्कळ आहे. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री मोटर चालू करायला जावं लागू नये म्हणून शेतीला दिवसा वीज. दारापासून ऊस दूर. बंदिस्त गोठे. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांना दिवे आणि संडास. दिवसा विजेची मागणी बिबट्याच्या टापूतले शेतकरी घसा कोरडा करून करत आहेत. गोळीचा आदेश दोन दिवसांत निघतो. विजेच्या वेळापत्रकाला मात्र वर्षं लागतात.

सगळ्यात अवघड विषय कुत्र्यांचा. तो टाळला तर हा लेख अप्रामाणिक होईल. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे गिधाडं जवळजवळ नाहीशी झाली आणि उघड्यावरची मढी कुत्र्यांच्या वाट्याला आली. त्यात गावोगावच्या कचऱ्याची भर. माळरानांवर आज कुत्र्यांच्या टोळ्या चिंकारा आणि काळवीट फाडतात. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. म्हणजे लांडगा न मारताही लांडगा संपू शकतो. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत कॅनाइन डिस्टेंपर पसरला आणि काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले. हा रोग मुळात कुत्र्यांतला. माळढोक जमिनीवर उघड्यावर अंडं घालतो, आणि बहुधा एकच. सोलापूरजवळच्या नान्नजला आता एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते.

माळढोक, लांडगा आणि चिंकारा यांच्या अखेरच्या माळांवरून मोकाट कुत्री हटवलीच पाहिजेत, असं मी म्हणतो. आसरा मिळेल त्यांना आसरा, आणि मिळणार नाही त्यांना पशुवैद्याच्या हातून वेदनारहित मरण. आजच्या नियमांत नसबंदी करून कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. गल्लीसाठी तो नियम शहाणपणाचा असेल. लांडग्याच्या गुहेशेजारी नाही. नसबंदी झालेला कुत्रा पिल्लं घालत नाही, पण शिकार करतोच.

पण माझी कसोटी मलाही लागू आहे. मुंबई महापालिका १९९४ पर्यंत भटकी कुत्री मारत होती. वर्षानुवर्षं हजारोंनी मारली, संख्या हटली नाही, कारण खाणं तसंच पडून होतं. उद्या नान्नजच्या माळावरून दोनशे कुत्री उचलली आणि आसपासच्या पोल्ट्रीवाल्यांनी मेलेल्या कोंबड्या उघड्यावर फेकणं चालूच ठेवलं, तर पुढल्या पावसाळ्याआधी दुसरी दोनशे हजर होतील आणि पहिली दोनशे फुकट मेली असतील. ते मी संवर्धन मानणार नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी पोल्ट्रीचा आणि गावाचा कचरा बंद करायचा, पाळीव कुत्र्यांची नोंद, लस आणि नसबंदी करायची, आणि हे वर्षभर टिकतं असं दाखवायचं. मगच उरलेल्या कुत्र्यांना हात लावायचा.

अशा प्रत्येक आदेशात, मग तो कुत्र्यांचा असो, बिबट्याचा असो की रानडुकराचा, दोन गोष्टी छापील असाव्यात : ही कारवाई कोणत्या तारखेला थांबणार, आणि तोवर माणसांकडून काय बदलून घेतलं जाणार. त्यावर वनखात्याच्या अधिकाऱ्याबरोबर जिल्हाधिकाऱ्याचीही सही हवी, कारण कचरा, वीज आणि पोल्ट्रीचे परवाने वनखात्याच्या हातात नाहीत. नंतर शवविच्छेदनाचा अहवाल गावाला वाचायला मिळावा. तारीख उलटली आणि माणसांनी आपला वाटा उचलला नसेल, तर आदेश आपोआप रद्द व्हावा आणि जिल्हाधिकाऱ्याने त्याचं उत्तर ग्रामसभेत उभं राहून द्यावं.